दोघांची मान

अरुंधती : काल साडेपाचला मी घरी निघाले तेव्हा कॉम्प्युटरच्या शब्दयादीत नऊ हजार सहाशे चाळीस शब्द होते. आज मुद्दाम सकाळी नऊला येऊन पाहिलं, तर नऊ हजार तीनशे बारा. तीन आठवडे आपण रोज नवे शब्द भरतोय आणि आकडा काही पुढे सरकत नाही. रात्री शब्दांना पाय फुटतात का?

देवाजी : मले काहून पाहून राहिल्या, ताई?

अरुंधती : तुमच्या एकट्याकडे नाही बघत, देवाजीभाऊ. भैयाजींकडेही बघतेय. या खोलीत आपण तिघं सोडून कोणी येत नाही.

भैयाजी : माझ्याकडे बघण्यात वेळ घालवू नकोस. पस्तीस वर्षं मी या वर्तमानपत्राची मुद्रितं तपासतोय. लोकांचे शब्द दुरुस्त केले, चोरले नाहीत. शिवाय त्या यंत्राला मी बोटही लावत नाही.

देवाजी : हे खरं हाये. भैयाजी शब्द बोलते अन् बटन मी दाबतो.

भैयाजी : म्हणजे तूच चोर.

देवाजी : पाहा ताई. बाजू घेतली तं असं होते.

अरुंधती : दोन वाजलेत, भांडू नका. चारला मालक, आनंदराव, येणार. त्यांनी सांगून ठेवलंय, देवाजीभाऊंनी त्यांच्यासमोर एक अख्खं पान टाइप करून दाखवायचं. जो शब्द कॉम्प्युटरच्या यादीत नाही तिथे घंटी वाजेल. तीन घंट्या माफ. चौथी वाजली की...

देवाजी : चौथी वाजली की देवाजी घरी. सांगून टाका ना, मले मालूम हाये. अकरा जुळारी होतो आपन इथं, खिळे जुळवनारे. दहा गेले, शिशाचे खिळे भी भंगारात गेले. मले एक महिना ठेवलं, मशीनवर हात बसते का पाहाले. महिना आज सरला. नाही जमलं तं मुंबईहून शिकलेला ऑपरेटर येनार हाये, तयार यादी घेऊन.

भैयाजी : त्या यादीत नागपूरचा एक शब्द नसेल.

देवाजी : तुमच्या यादीत तरी कुठं हाये? काल ‘राखड’ म्हटलं तं अर्धा घंटा भांडले तुम्ही.

भैयाजी : ‘राख’ हा चांगला शब्द असताना...

देवाजी : राख चुलीतली, भैयाजी. राखड कोराडीच्या पॉवर हाउसची. चुलीतल्या राखेनं भांडे घासता येते. राखड वाळवनावर बसली तं पापड फेकून द्या लागते. माहा पोरगा गोविंदा खापरखेड्याच्या पॉवर हाउसले हाये. त्याच्या बायकोले इचारा, सकाळ-संध्याकाळ आंगन झाडून काय काढते ते.

भैयाजी : म्हणून शेवटी मान हलवली ना मी?

देवाजी : हलवली. चहा आल्यावर.

अरुंधती : मला एक सांगा, दोघांची मान हलल्याशिवाय शब्द आत घ्यायचा नाही, हा नियम काढला कोणी?

भैयाजी : आनंदरावांनी. ते म्हणाले, भैयाजी एकटे बसले तर यादीची पोथी होईल आणि देवाजी एकटा बसला तर सीताबर्डीचा बाजार होईल.

देवाजी : बाजार वाईट असते काय? पेपर बाजारातच विकते ना.

अरुंधती : बरं. गेलेले शब्द ऐका. कालची यादी मी कागदावर छापून ठेवली होती, ती आजच्या यादीशी ताडून पाहिली.

भैयाजी : वाच. माझेच गेले असतील. याला माझे शब्द पहिल्यापासून खुपतात.

अरुंधती : ‘खोली’. ‘भाड्याने’. ‘देणे’. ‘आहे’.

भैयाजी : ‘आहे’ गेला?

अरुंधती : ‘आणि’ पण गेला.

भैयाजी : ‘आहे’ नाही, ‘आणि’ नाही. मग राहिलं काय?

अरुंधती : ‘अनिर्वचनीय’ आहे. ‘जगड्व्याळ’ आहे. ‘दिङ्मूढ’ आहे. ‘किंकर्तव्यविमूढ’ तर दोनदा आहे.

देवाजी : म्हन्जे भैयाजीचे सगळे जागेवर हाये अन् गेले ते माहे. आता चोर कोन ते मी सांगाले पाहिजे काय?

भैयाजी : ‘आहे’ या शब्दाशी माझं काय वैर असणार? मी स्वतः तो दिवसातून शंभरदा वापरतो.

देवाजी : बोलाले वापरता. लिहाले बसले की ‘विद्यमान’ लिहिता.

अरुंधती : तुम्ही दोघं हसताय, पण माझी मशीनच्या कंपनीत पहिलीच नेमणूक आहे ही. मशीनमध्ये काही दोष असावा असं मी साहेबांना फोनवर कळवलं, तर ते म्हणाले, दोष मशीनमध्ये नसतो, चालवणाऱ्या बाईत असतो. म्हणून आज सकाळी आनंदरावांना चिठ्ठी पाठवली मी. मशीन नीट आहे, कोणीतरी हातानं शब्द काढतंय, असं लिहिलं.

देवाजी : पाठवली भी?

अरुंधती : दहा वाजताच.

भैयाजी : चांगलं केलंस. पुढचे वाच.

अरुंधती : ‘निर्व्यसनी’, ‘नोकरदार’, ‘मुलास’, ‘सुस्वरूप’, ‘स्थळ’, ‘पाहिजे’. मग ‘जुनी’, ‘सायकल’, ‘विकणे’. मग ‘तेरवी’, ‘शोकाकुल’, ‘परिवार’, ‘कोराडी’.

भैयाजी : थांब. खोली, स्थळ, सायकल, तेरवी. हे असंच, याच क्रमानं मी वाचलंय. काल दुपारी वाचलंय. अगं, हा कालच्या चौथ्या पानाचा दुसरा रकाना आहे, वरून खाली. छोट्या जाहिराती.

देवाजी : हो मंग. चौथं पान माहंच हाये. संध्याकाळी मोडून जातो ना मी.

अरुंधती : काय मोडून जाता?

देवाजी : पान. जेवढं जुळवलं तेवढं मोडाचं, खिळे ज्याच्या त्याच्या खनात टाकाचे, हात धुवाचे, मंग घर. अठ्ठावीस वर्षात एक दिवस चुकलो नाही. साळ्याच्या लग्नाच्या दिवशी भी नाही. प्रेमिला अजून बोलते त्याच्यावरून, माह्या भावाच्या वरातीत तुम्ही काळ्या हातानं आले म्हनते.

भैयाजी : देवाजी, या यंत्रात खिळे कुठे आहेत?

देवाजी : खिळे नाही तं शब्द हाये. ते पान समोर ठेवतो, एक एक शब्द पाहातो अन् ते काढाचं बटन दाबतो. शब्द गेला की खाली कोपऱ्यातला आकडा एकानं वाढते. म्हन्जे खनात पडला ना.

अरुंधती : तो आकडा... देवाजीभाऊ, तो रिकाम्या जागेचा आकडा आहे. आणखी किती शब्द मावतील ते सांगतो तो.

देवाजी : तेच तं म्हनून राहिलो. शब्द घेत गेलो की आकडा उतरत जाते, मले दिसते. असाच उतरत गेला तं दोन महिन्यात शून्य होईन, मंग पेपर काहाचा काढान? म्हनून रोज सात वाजेपर्यंत बसून टाकून जातो.

भैयाजी : आणि सकाळी त्याच शब्दांना पुन्हा घंटी वाजत नाही?

देवाजी : वाजते ना. वाजली की परत घेतो. नऊ ते अकरा तेच काम. सकाळी खनातून काढाचे, संध्याकाळी खनात टाकाचे. त्यात नवीन काय? आज ताई नऊलेच येऊन बसल्या मशीनवर, म्हनून राहिले.

अरुंधती : मी अकराला येते तेव्हा रोज तुम्हाला घाम फुटलेला असतो, तो यामुळे?

देवाजी : तुमचे भी मीच टाकत होतो, ताई. तुम्ही साडेपाचले सगळं तसंच पसरून जाता. म्हटलं नवीन हायेत, मोडून जायाची सवय नसन. कोनाले बोललो नाही.

अरुंधती : माझे रोजचे सत्तर शब्द.

देवाजी : कधी कधी ऐंशी.

भैयाजी : हसू नकोस, अरुंधती.

अरुंधती : मी हसत नाहीये. रडू येतंय मला. देवाजीभाऊ, नीट ऐका. इथे शब्द वापरला म्हणून संपत नाही. एकदा आत घेतला की तो तिथेच राहतो. कितीही वेळा टाइप करा.

देवाजी : एक ‘आहे’ घेतला तं पूर्न पेपरले पुरते?

अरुंधती : पुरतो.

देवाजी : रविवारच्या अंकाले भी?

अरुंधती : दहा वर्षांच्या अंकांना पुरतो.

देवाजी : बाप्पा. आमच्या खिळ्याच्या केसमधे ‘आ’ सरला की बाजूच्या गोपाळरावच्या खनातून मागून आनत होतो मी.

भैयाजी : न मागताही आणत होतास. तो ओरडायचा.

अरुंधती : चूक माझी आहे. मी शब्द घ्यायचं बटण दाखवलं, काढायचं दाखवलं आणि त्या आकड्याबद्दल बोललेच नाही. मला वाटलं, कळेलच.

देवाजी : तुमची काहाची चूक? तुम्ही तं वहीत लिहून दिलं होतं. मी आपल्याच डोक्यानं चाललो. म्हन्जे तीन हप्ते आपन ज्याले चोर म्हनून राहिलो, तो मीच होय.

भैयाजी : चोर नाही. चोर वस्तू घेऊन जातो. तू जागेवर ठेवत होतास.

देवाजी : मालकाले हे समजाऊन सांगान तुम्ही? ते म्हनन, ज्याले एका महिन्यात एवढं समजलं नाही त्याले मशीनवर कशाले बसवू? अन् बरोबर म्हनन.

अरुंधती : चारपर्यंत वेळ आहे. छापलेली यादी आहे माझ्याकडे.

देवाजी : नाही ताई. मी जातो अन् सांगून टाकतो. मले हे काम पाहिजे, खोटं काहून बोलू. मशीनची भीती वाटते, तरी पाहिजे. गोविंदा म्हनते, बाबा, खापरखेड्याले या, क्वार्टरमधे आराम करा. आराम काय करू? शेहेचाळीसचा हाये मी. सकाळी उठून हाताले काही नसलं तं मानसानं पाहावं कुठं? पन चूक माही हाये.

भैयाजी : बस खाली.

देवाजी : चिठ्ठी गेली हाये त्याईच्याकडं. इचारनारच.

भैयाजी : विचारतील तेव्हा बघू. तीनशे अठ्ठावीस शब्द आहेत आणि पावणेदोन तास. मी वाचतो, तू घे. ‘खोली’.

देवाजी : घेतला.

भैयाजी : ‘भाड्याने’. ‘देणे’. ‘आहे’.

देवाजी : ‘आहे’ घेतला. आता दहा वर्षं नाही काढत याले.

भैयाजी : ‘निर्व्यसनी’. ‘तेरवी’. थांब, ‘तेरवी’ला मी मान हलवली होती का? ‘तेरावा’ आहे ना आपला.

देवाजी : हलवली होती.

भैयाजी : मला आठवत नाही.

देवाजी : तुम्ही जेवून आले होते अन् डुलकी लागली होती. मान हलली. मी घेतला.

अरुंधती : मी साक्षीदार आहे. हलली होती.

भैयाजी : हा विश्वासघात आहे. असू दे. पुढे. ‘मंगलपरिणय’. हा कोणी घातला? ‘शुभविवाह’ आहे की यादीत.

देवाजी : हा परवाच घेतला होता. तुम्ही डोळ्याच्या डाक्टरकडं गेले होते. एका मानेवर घेतला, ते माही चूक.

भैयाजी : मग आज सांग. कशाला पाहिजे?

देवाजी : ‘शुभविवाह’ तुमच्या महाल मोहल्ल्यातल्या पत्रिकेत असते, भैयाजी. आमच्या वस्तीत नसते. छपन साली बाबा मले खांद्यावर नाही, हाताले धरून घेऊन गेले होते दीक्षेले, चौदा वर्षाचा होतो मी. त्याच्यानंतर घरचे सगळे शब्द बदलले. लग्नाची पत्रिका बदलली, मेल्यावरची जाहिरात बदलली. बत्तीस वर्षं झाले. माह्या पोरीच्या पत्रिकेत ‘मंगलपरिणय’ मीच जुळवला होता, सोनेरी शाईत, याच प्रेसमधे. परवा चौथ्या पानावर तो शब्द आला अन् मशीन वाजली. अनोळखी म्हनते.

भैयाजी : यंत्राला काय कळतं?

देवाजी : यंत्राले नाही कळत, म्हनून तं आपन दोघं बसलो हाये. एखाद्या घरचा शब्द मशीन ओळखत नाही म्हटलं की मनाले लागते, भैयाजी. हसाल तुम्ही, पन लागते.

भैयाजी : हसत नाही मी. घे. चांगला शब्द आहे. खरं सांगायचं तर ‘शुभविवाह’पेक्षा भारदस्त आहे.

देवाजी : मान?

भैयाजी : हलवली ना.

अरुंधती : तीन वाजून दहा मिनिटं. एकशे नव्वद झाले. पुढचे मी वाचते, भैयाजी, तुमच्या चष्म्याला दम घेऊ दे जरा. ‘शोकाकुल’. ‘परिवार’. ‘नियोजित’. फोन वाजतोय.

देवाजी : मालकाचाच असन. मी घेतो अन् सांगतो.

भैयाजी : तू तुझी बोटं चालव. मी घेतो. हॅलो. हो, भैयाजीच बोलतोय. हो, अरुंधतीची चिठ्ठी बरोबर आहे. यंत्रात दोष नाही. शब्द हातानंच काढले गेले. कोणी म्हणजे? मी काढले.

देवाजी : भैयाजी, काय करून राहिले तुम्ही?

भैयाजी : गप रे. नाही, तुम्हाला नाही म्हटलं, आनंदराव. काहून म्हणजे? ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही काय मराठी आहे? ‘देणे आहे’? पस्तीस वर्षं सहन केलं, आता यंत्रातही तेच घालणार म्हटल्यावर राहवलं नाही. हो, ‘आणि’ पण काढला. ‘आणि’चा फार सुळसुळाट झालाय, ‘व’ वापरावा माणसानं. कसे काढले? बटण दाबून. कोणतं म्हणजे, ते आपलं... उजव्या बाजूचं... अगं, बोट नीट ठेव ना... वरचं. उजव्या बाजूचं वरचं. नाही, अरुंधती कागद धरून उभी आहे, तिला म्हटलं. देवाजीला कशाला विचारता? तो रोज सकाळी दोन तास खपून माझा पसारा आवरतो, म्हणून तुमचं चौथं पान निघतंय. हो. हो. कळलं. मान्य आहे मला. ठेवतो.

अरुंधती : काय म्हणाले?

भैयाजी : म्हणाले, भैयाजी, तुमच्याकडून मला याचीच अपेक्षा होती. एका क्षणात विश्वास बसला त्यांचा. जरा वाईटच वाटलं मला.

अरुंधती : आणि?

भैयाजी : आणि मी या खोलीबाहेर व्हायचं. यापुढे आत पाऊल टाकायचं नाही. माझं टेबल खाली, जिन्याशी.

देवाजी : फोन इकडं द्या. मी सांगतो खरं.

भैयाजी : नीट ऐक. तू सांगितलंस तर तुझी नोकरी जाते. मी सांगितलं तर माझा नुसता अपमान होतो, आणि संपादकांशी पस्तीस वर्षं वाद घालणाऱ्याला त्याची सवय असते. दीड वर्षात मी निवृत्त होतोय. तुला अजून बारा वर्षं काढायची आहेत.

देवाजी : पन तुम्ही खोटं बोलले. माह्यासाठी. तुम्ही तं खोटी वेलांटी भी जाऊ देत नाही.

भैयाजी : गेल्या दोन वर्षांत मी जाऊ दिलेल्या वेलांट्या कोणी पकडल्या?

देवाजी : मले काय मालूम.

भैयाजी : तुला नाही तर कोणाला? मोतीबिंदू उतरतोय दोन्ही डोळ्यांत. मुद्रितावर सही करायचो मी, आणि माझी सही झाल्यावर खाली कोणीतरी खिळे बदलायचं. दुसऱ्या दिवशी घरी भिंगाखाली पेपर धरून बसायचो मी. जिथे मी चुकलो तिथे पेपरात बरोबर. एकशे सतरा जागा मोजल्या, मग मोजणं सोडलं.

देवाजी : कोनाले बोललो नाही मी.

भैयाजी : बोलला नाहीस म्हणून तर मी अजून इथे आहे. लाज वाटायची मला, देवाजी. सकाळी तुझ्याकडे बघवायचं नाही, म्हणून मग एखाद्या शब्दावरून भांडण काढायचो. ते बरं वाटायचं. आता वेळ घालवू नकोस. एकशे अडतीस शब्द राहिलेत. मी खाली जातो.

देवाजी : एक सांगू? फोनवर ‘काहून’ म्हटलं तुम्ही.

भैयाजी : आनंदराव म्हणाले. मी फक्त परत उच्चारला.

अरुंधती : भैयाजी, मी माझ्या साहेबांना काय कळवू?

भैयाजी : मशीन निर्दोष, बाई निर्दोष. आणि पुढच्या वेळी जिथे जाशील तिथे त्या आकड्याचा अर्थ आधी सांग.

(पावणेपाच. भैयाजी जिना चढून वर आले आहेत आणि दाराबाहेर उभे आहेत.)

भैयाजी : अरुंधती, मी आत येत नाही. घंट्या किती झाल्या तेवढं सांग.

अरुंधती : एक.

भैयाजी : अख्ख्या पानात एक? कोणत्या शब्दाला?

अरुंधती : पानात एकही नाही. पान संपल्यावर आनंदराव म्हणाले, सरका, मी स्वतः एक ओळ टाइप करतो. आधी आपलं नाव टाइप केलं. ‘आनंदराव’. टुंग.

भैयाजी : अरे देवा. माणसांची नावं यादीत घ्यायची नाहीत, हे माझंच म्हणणं होतं.

अरुंधती : चेहरा उतरला त्यांचा. म्हणाले, माझ्याच पेपरच्या मशीनला मी माहीत नाही? देवाजीभाऊ पुढे झाले, दोन बटणं दाबली, म्हणाले, आता पुन्हा टाका मालक. टाकलं. घंटी नाही.

देवाजी : चार येळा टाकून पाहिलं त्याईनं. मंग इचारलं, उद्या परत नवीन घ्या लागन काय? मी म्हटलं, नाही जी. एकदा आत घेतलं की दहा वर्षं हालत नाही. हे मशीन तसं नाही.

भैयाजी : असं म्हणालास?

देवाजी : दोन वाजता शिकलो अन् चार वाजता शिकवलं.

अरुंधती : आनंदराव खूश होऊन गेले. देवाजीभाऊ कायम झालेत, भैयाजी. मुंबईचा ऑपरेटर रद्द. उद्या पत्र देतो म्हणाले.

भैयाजी : वा. फार बरं झालं. प्रेमिलाला जाऊन सांग आधी. आणि आज हात काळे नाहीत तेही दाखव.

अरुंधती : अजून एक आहे. दोघांच्या मानेचा नियम त्यांनी मोडीत काढला. यापुढे कोणता शब्द घ्यायचा ते देवाजीभाऊ एकटेच ठरवणार.

भैयाजी : हं. तेही बरोबरच आहे. मशीनवर बसेल त्यानंच ठरवावं. मी निघतो, अग्रलेखाचं मुद्रित आलं असेल खाली.

देवाजी : थांबा ना, भैयाजी. आजच्यातला एक शब्द राहिला हाये. पान-दुकानाची जाहिरात आली.

भैयाजी : मग घेऊन टाक. मला कशाला विचारतोस?

देवाजी : ‘खर्रा’. घेऊ काय?

भैयाजी : घे.

देवाजी : खर्रा म्हटलं मी.

भैयाजी : ऐकलं.

देवाजी : सुपारी अन् तंबाखू प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देते, तो खर्रा. लोकं तोंडात धरून बोलते अन् तुम्ही उठून जाता, तो.

भैयाजी : माहीत आहे मला. अख्खं नागपूर खातं. घे ना.

देवाजी : असं नका करू, भैयाजी. थोडं तरी नाही म्हना.